न मारण्याचा हक्क

'सस्टेनेबल सब्सिस्टन्स हंटिंग' हे तीन शब्द मराठीत आणायला बसलं की पहिल्याच शब्दाला अडखळायला होतं. सरकारी मराठीत 'सस्टेनेबल'ला 'शाश्वत' म्हणतात. 'शाश्वत विकास' खपून जातो, कारण विकास कायम टिकावा असं सगळ्यांनाच वाटतं. पण 'शाश्वत शिकार' म्हटलं की कधीही न संपणारी शिकार डोळ्यांसमोर येते. मूळ अर्थ तर जवळजवळ उलटा आहे: कुठे थांबायचं हे ठाऊक असलेली शिकार. मी ज्या भाषेतून भाषांतर करते त्या कन्नडने इथे 'सुस्थिर' हा शब्द घेतला आहे. तो निदान तोल सुचवतो.

तिसऱ्या शब्दाची अडचण वेगळी आहे. 'शिकार' आपण फारसीकडून घेतली. राजेरजवाड्यांसाठी संस्कृतातून 'मृगया' घेतली. तिच्यातल्या धातूचा अर्थ शोधणं, माग काढणं असा आहे, त्यामुळे ती ऐकायलाही उदात्त वाटते. रानातल्या माणसाच्या वाट्याला 'पारध' आली. संस्कृतात शिकारीला 'पापर्द्धि' असाही शब्द आहे. पापाची वाढ, अशी त्याची फोड करतात, आणि जैन परंपरेतल्या सात व्यसनांच्या यादीत तो जुगार-चोरीच्या शेजारी बसतो. पारध या शब्दाचं नातं त्याच्याशी सांगितलं जातं. कन्नडमध्ये शिकारीला 'बेटे' म्हणतात, आणि कायद्याबाहेरच्या शिकारीला 'कळ्ळबेटे', म्हणजे चोर-शिकार. मराठीत आपणही 'चोरटी शिकार'च म्हणतो. एकाच कृतीला कोण ती करतो यावरून मृगया, पारध किंवा चोरी म्हणायचं, हा निवाडा भाषेने आपण विचार करायच्या आधीच देऊन टाकलेला असतो.

प्रश्न असा आहे: ज्याचं पोट रानावर चालतं अशा माणसाला रानातला प्राणी मारून खाण्याचा हक्क आहे का? आणि त्या प्राण्यांची राखण त्याच माणसांच्या हाती द्यावी का? हे दोन प्रश्न आपण सहसा वेगवेगळे विचारतो. मला ते एकच वाटतात.

मी हूटगळ्ळीत राहते. म्हैसूरच्या कडेचं हे एकेकाळचं गाव आता कारखान्यांचं, कामगारवस्त्यांचं आणि नव्या लेआउटांचं उपनगर झालं आहे. जवळून हुणसूरचा रस्ता जातो, आणि त्या रस्त्याने दीडेक तासात नागरहोळेच्या जंगलाची वेस लागते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी आमच्या भागातल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या आवारात बिबट्या दिसला. कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं गेलं, वनखात्याने पिंजरे लावले, ड्रोन उडवले. आमच्या गल्लीत दुधाच्या दुकानापासून योगवर्गापर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: त्याला पकडून जंगलात नेऊन सोडा. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात प्राण्याला पकडणं, सापळ्यात अडकवणं, आमिष दाखवणं हे सगळं येतं. म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने आमच्या वतीने जी चालली होती ती कायद्याच्या भाषेत शिकारच होती. आम्हांला ती मागावीही लागली नाही. याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जेनु कुरुबांच्या हाड्या आहेत. तिथे बिबट्या, वाघ, हत्ती दाराशी येतात, आणि तिथल्या माणसांना सहजीवनाची शिकवण दिली जाते.

या जंगलाचा इतिहास पाहिला तर तिथे शिकार कधी बंद नव्हती. शिकारी बदलत राहिले. काकनकोटे इथे म्हैसूरच्या महाराजांचा खेडा भरत असे: हत्तींचे कळप हाकून, नदीत उतरवून, लाकडी कुंपणात कोंडायचे. परदेशी पाहुणे मंचावरून पाहायचे. माग काढणारे आणि हत्ती माणसाळवणारे कुरुब असायचे. शेवटचा खेडा १९७१ मध्ये झाला. त्यानंतर कबिनी धरणाच्या पाण्याने ती जागा गिळली, आणि पुढल्याच वर्षी नवा कायदा आला. तोवर परवाना काढून बंदूक घेऊन येणाऱ्या शहरी हौशी शिकाऱ्यालाही रान खुलं होतं. हे परवाने खऱ्या अर्थाने बंद झाले ते १९९१ च्या दुरुस्तीनंतर.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. मला तो आपल्या संसदेने केलेल्या सर्वांत विचारी कायद्यांपैकी एक वाटतो. वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, असं तो प्रास्ताविकातच मान्य करतो. जमीन, मध, बांबू, तेंदू, चराई, पाणवठे, अगदी मासेसुद्धा, अशा हक्कांची यादी तो देतो. शेवटी एक कलम सगळं उरलंसुरलं सामावून घेतं: परंपरेने चालत आलेला इतर कोणताही हक्क. आणि लगेच त्याला एक अपवाद जोडलेला आहे, शिकारीचा, सापळ्याचा, प्राण्याच्या शरीराचा कोणताही भाग घेण्याचा हक्क सोडून. त्याच कायद्याचं पाचवं कलम ग्रामसभेला वन्यजीवांचं रक्षण करण्याचा अधिकार देतं. मासा चालतो, ससा चालत नाही. रक्षण करायचं, पण ज्याचं रक्षण करायचं त्याच्याशी असलेलं सर्वांत जुनं नातं तेवढं मिटवून टाकायचं. सबंध देशाला लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यात शिकारीच्या परंपरेला एकच स्पष्ट सूट आहे, ती निकोबार बेटांवरच्या आदिवासींना, पासष्टाव्या कलमात. आणि त्याच बेटांपैकी ग्रेट निकोबारवर, शोंपेनांच्या सदाहरित अरण्यातली सुमारे १३० चौरस किलोमीटर जमीन बंदर, विमानतळ आणि नगर यांच्यासाठी वळवायला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. शिकारीचा हक्क शाबूत राहिला. रान राहील की नाही, हा वेगळ्या फाइलीतला विषय.

इथवर वाचून वाचकाला वाटेल की मी शिकारीचा हक्क परत मागते आहे. तसं सोपं नाही. कायद्याने घातलेला अपवाद निव्वळ शहरी हळवेपणातून आलेला नाही. त्याच्यामागे हिशेब आहे, आणि तो हिशेब कठोर आहे.

केंट रेडफर्ड या जीवशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये 'रिकामं अरण्य' ही कल्पना मांडली. उपग्रहातून पाहिलं तर झाडं जागच्या जागी आहेत, पण खाली मोठे प्राणी उरलेले नाहीत. असं रान काही दशकं उभं राहतं. मग मोठ्या बियांची झाडं उगवायची थांबतात, कारण त्या बिया गिळून दूर टाकणारे धनेश, माकडं, मोठे शाकाहारी प्राणी गेलेले असतात. पावसाळी अरण्य पाहणाऱ्याला हिरवंगार, ओसंडणारं वाटतं, पण त्यातलं बहुतेक अन्न उंचावरच्या पानांत आणि लाकडात असतं. जमिनीवर चरणाऱ्या मोठ्या प्राण्यांना ते थोडंच मिळतं. जॉन रॉबिन्सन आणि एलिझाबेथ बेनेट यांनी २००० साली संपादित केलेल्या ग्रंथात काढलेला अंदाज असा: केवळ रानातल्या मांसावर जगायचं तर एका चौरस किलोमीटर उष्णकटिबंधीय अरण्यात साधारण एक माणूस तगू शकतो. २०११ च्या जनगणनेत भारताची घनता चौरस किलोमीटरला ३८२ होती. महाराष्ट्रातल्या सर्वांत जंगलदाट गडचिरोलीतही ती ७४ होती.

आणि हे फक्त कागदावरचं गणित नाही. एम. डी. मधुसूदन आणि उल्हास कारंत यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुद्रेमुखच्या सदाहरित रानाभोवतालच्या गावांतल्या शिकाऱ्यांशी बोलून शिकारीत मारल्या जाणाऱ्या सस्तन प्राण्यांची यादी केली. ती २६ प्रकारांची निघाली. त्याच अभ्यासात नागरहोळेतल्या दोन जागांची तुलना आहे: नाल्केरी, जिथे शिकार कमी होती, आणि आर्केरी, जिथे ती जोरात होती. रान एकाच जातीचं, पाऊस तसाच, पण आर्केरीत कितीतरी मोठ्या प्राण्यांची संख्या खूपच खाली गेलेली. हा पुरावा माझ्या घरापासून दीड तासावरचा आहे. तो बाजूला ठेवून न्यायाची गोष्ट करणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. सांबराला मारणारा हात उपाशी माणसाचा आहे की हौशी शिकाऱ्याचा, याने सांबरापुरता काही फरक पडत नाही.

पण जिथे माणसं विरळ आणि रान विस्तीर्ण आहे तिथे हाच हिशेब दुसरं उत्तर देतो. पेरूच्या ईशान्येला ॲमेझॉनच्या खोऱ्यात ताम्शियाकू-ताहुआयो नावाचं सामुदायिक राखीव क्षेत्र आहे. १९९१ मध्ये ते स्थापन झालं, त्यात नदीकाठच्या गावांचा पुढाकार होता. तिथे रानाचे भाग पाडले आहेत: आतलं गाभ्याचं रान, जिथे कुणी मारायचं नाही; त्याभोवती पोटापुरत्या शिकारीचा पट्टा; आणि मग वस्ती. आत वाढलेले प्राणी बाहेर पसरतात, बाहेरची तूट भरून काढतात. रिचर्ड बॉडमर आणि त्यांचे सहकारी तिथल्या शिकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं नोंदी ठेवत आले. शिकारीच्या वह्या, जपून ठेवलेल्या कवट्या, त्यावरून प्राण्याचं वय. यातून निघालेली शिकवण गावांना समजण्यासारखी होती: पेकारी हे डुकरासारखं जनावर साडेचार-पाच महिन्यांत बहुधा दोन पिल्लं देतं, ते काही प्रमाणात मारलं तरी भरून निघतं, टॅपिर तेरा महिने गाभण राहून एकच पिल्लू देते, आणि मोठी माकडंही अशीच सावकाश वाढतात, म्हणून त्यांना हात लावायचा नाही.

याला मराठीत काय म्हणावं? आपल्याकडे एक जुना, घरगुती शब्द आहे: बेत. बेत म्हणजे योजना. आणि 'बेतानं' म्हणजे मोजूनमापून, हात राखून. मीठ बेतानं घालतात, पैसा बेतानं खर्च करतात. 'शाश्वत शिकार' म्हणण्यापेक्षा मी 'बेताची शिकार' म्हणेन, कारण या शब्दात मोजणारा माणूस हजर आहे. जो घेतो तोच मोजतो, आणि मोजतो म्हणून कुठे थांबायचं ते त्याला कळतं.

इथे मला नैतिक प्रश्नाचा गाभा दिसतो. बंदी आणि संयम यांचा बाहेरून दिसणारा परिणाम एकच असू शकतो: प्राणी जिवंत राहतो. पण माणसाच्या बाजूने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदी पाळणारा पकडलं जाण्याला भितो. पहारेकरी नसेल तेव्हा त्याच्याजवळ थांबायला कारण उरत नाही. संयम राखणाऱ्याला घेण्याची मुभा असते, आणि म्हणूनच तो जे सोडतो त्याला अर्थ येतो. ज्याच्या हातून घेण्याचा प्रश्नच काढून घेतला आहे त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करता येत नाही. एकादशी पाळणारा आणि घरात दाणा नसलेला, दोघेही त्या दिवशी जेवत नाहीत. दुसऱ्याला उपास घडला असं आपण म्हणत नाही.

मराठी वाचकाला हेमलकशाची गोष्ट ठाऊक आहे. १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्यानंतर काही काळाने डॉ. प्रकाश आमटे यांना शिकारीहून परतणारे माडिया दिसले. मारलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. त्यांनी ते पिल्लू मागून घेतलं. 'प्रकाशवाटा'त ही हकीकत आहे. तिच्यातून पुढे अनाथ प्राण्यांचं संगोपन सुरू झालं. ही गोष्ट आपण सहसा करुणेची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. मला तिच्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. माडियांना कुणी पापी ठरवलं नाही. ते भुकेपोटी मारतात हे आधी ऐकून घेतलं गेलं. पिल्लं मारू नका, आमच्याकडे आणा, बदल्यात धान्य न्या, असं ठरत गेलं. शेती, दवाखाना, शाळा हळूहळू आल्या. म्हणजे भुकेची बाजू आधी हलली, मग शिकारीची. आपल्या कायद्याने नेमका उलटा क्रम धरला: मांस आधी काढून घेतलं, आणि त्याच्या जागी काय येणार हा प्रश्न दुसऱ्या खात्याकडे पाठवला.

संयम गावाने स्वतः ठरवला तर काय होतं, याचं उदाहरण नागालँडच्या पांग्तीचं. दोयांग धरणाच्या पाण्याखाली तिथल्या लोकांची सुपीक जमीन गेली. त्याच जलाशयाकाठी दर शरद ऋतूत आफ्रिकेकडे निघालेले अमूर ससाणे लाखोंनी उतरू लागले, आणि मासेमारीची जाळी झाडांवर चढली. २०१२ मध्ये शशांक दळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संहार जगासमोर आणला. एका हंगामात लाखाच्या वर पक्षी मारले जात असावेत असा त्यांचा अंदाज होता. ही पोटापुरती शिकार उरली नव्हती, पक्षी बाजारात जात होते. गाव आणि बाजार यांच्यामध्ये रस्ता आला, बर्फ आलं, नायलॉन आलं की बेत कोलमडतो, ही गोष्ट जगभरच्या पावसाळी रानांतून दिसते. पण २०१३ च्या हंगामात पांग्ती आणि शेजारच्या गावांच्या परिषदांनीच बंदी ठरवली, दंड ठरवला, आणि त्या वर्षी हत्या जवळजवळ थांबली. बाहेरून दबाव होता, सरकार होतं, चर्च होतं, संस्था होत्या. तरीही निर्णय गावाच्या तोंडून आला. नागालँडमध्ये जमीन गावाची आहे, आणि ज्याची जमीन त्याच्या 'नाही'ला वजन असतं.

अरुणाचलच्या पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवतालची न्यीशींची गोष्टही याच जातीची. पुरुषांच्या मानाच्या टोपीवर मोठ्या धनेशाची चोच बसवायची, अशी त्यांची रीत. या शतकाच्या सुरुवातीला खऱ्या चोचींच्या जागी फायबरच्या चोची आल्या. २०११ पासून गावबुऱ्यांची घोरा-आभे ही संस्था, वनखातं आणि म्हैसूरमध्ये जन्मलेली नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशन यांनी धनेशांची घरटी दत्तक देण्याचा उपक्रम चालवला. घरटी शोधणं आणि राखणं हे काम गावातली माणसं करतात, त्यांतले काही पूर्वी शिकारी होते. धनेशाची मादी स्वतःला ढोलीत लिंपून घेते आणि नर तिला फळं भरवतो. ती ढोली कुठे आहे हे शिकाऱ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आपल्या अकोला-वाशीमकडे फासेपारध्यांनी तणमोराच्या रक्षणात हात घातला, त्यामागेही हेच आहे. ज्यांना इंग्रजांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांच्याकडेच गवतात लपलेल्या पक्ष्याचं ज्ञान होतं. मारुती चितमपल्लींनी मराठीला रानाचे जे शब्द दिले, त्यांतले कितीतरी अशाच माणसांच्या तोंडचे आहेत. माग, मागमूस, चाहूल, दबा: हे शब्द पारधीच्या पायांवर चालत भाषेत आले. शिकार बंद झाली की आधी हे ज्ञान जातं. ज्ञान गेलं की राखणही परक्याच्या हाती जाते.

एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत जड आहे. या सगळ्या हक्कांच्या चर्चेत प्राण्याचा हक्क कुठे आहे? तो कुणाच्या संयमाचं साधन व्हायला जन्मलेला नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो सगळ्यांना सारखा लागू करावा लागेल. आमच्या हूटगळ्ळीत रविवारी कोंबडीच्या दुकानांपुढे रांग असते, मीही त्या रांगेत असते. जे शाकाहारी आहेत त्यांची कॉफी ज्या डोंगरउतारांवर पिकते तिथेही एकेकाळी रान होतं, आणि आमच्या पाणी-विजेच्या धरणांखालीही. आम्ही प्राणी मारत नाही, आम्ही त्यांची जागा घेतो, आणि जागा घेण्याला आपल्या भाषांत शिकार म्हणत नाहीत. ज्याच्या हाती फास दिसतो तोच तेवढा मारणारा, ही समजूत आपल्याला सोयीची आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. भारतातल्या बहुतेक रानांत आज शिकारीचा हक्क जसाच्या तसा परत देता येणार नाही. आर्केरीचा पुरावा आणि चौरस किलोमीटरचा हिशेब ते होऊ देत नाहीत. पण ही बंदी म्हणजे रानातल्या माणसाची नैतिक सुधारणा, असं म्हणणं थांबवावं लागेल. आपण सगळ्यांनी मिळून रान इतकं आक्रसवलं की त्याच्या ताटातलं मांस आता परवडत नाही. ती किंमत आहे, ती तो एकटा भरतो आहे, आणि ती भरपाईच्या भाषेत लिहिली गेली पाहिजे. आणि दुसरं: मारायचं नाही हा निर्णय वरून आला तर ती बंदी राहते. काय उरलं आहे, किती उरलं आहे, कोणत्या ओढ्यापलीकडे जायचं नाही, हे हाडीतल्या ग्रामसभेने मोजावं, नोंदवावं, ठरवावं. आजच्या परिस्थितीत तिचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'मारू नये' असंच येईल. येऊ दे. पण ते उत्तर देण्याचा हक्क तिचा असला पाहिजे, आणि उद्या सांबरं वाढली, गणती बदलली, तर वेगळं उत्तर देण्याचाही. नाहीतर पाचव्या कलमाने तिला दिलेला रक्षणाचा अधिकार म्हणजे दुसऱ्याच्या रानावरची चौकीदारी ठरेल.